खंडाखंडांचं शरीर

कोळंबी साफ करताना आपण जे टाकून देतो, तिथून हे पुस्तक सुरू होतं. डोकं, मिशा, पाय, साल आणि शेपटीचा पंखा कचऱ्यात जातो आणि वाटीत उरतं ते फक्त मांस. स्वयंपाकाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण ज्याला या प्राण्याची घडण समजून घ्यायची आहे, त्याने एकदा तरी बाजारातून चांगली मोठी, न सोललेली कोळंबी आणावी, ताटलीत उताणी ठेवावी आणि चिमट्याने शेपटीकडून एकेक जोडी सुटी करून कागदावर ओळीने मांडत जावी.

आधी शेपटीच्या पंख्याची एक जोडी निघते. मग पोटाखालच्या वल्ह्यांच्या पाच, चालण्याच्या पायांच्या पाच, तोंडाशी घास सावरणाऱ्या जबडपायांच्या तीन, जबड्यांच्या तीन आणि अगदी पुढे मिशांच्या दोन. डोळ्यांचे देठ सोडले तर एकूण १९ जोड्या भरतात. ओळीच्या दोन टोकांच्या जोड्यांत काहीच साम्य दिसत नाही. मध्ये मात्र नजर एका जोडीवरून शेजारच्या जोडीवर सरकवत नेली की नातं उलगडत जातं. खाली बुंधा आणि त्याला फुटलेल्या दोन शाखा, हा मूळ साचा. वल्ह्यांत तो जवळजवळ जसाच्या तसा आहे. चालण्याच्या पायात बाहेरची शाखा गळाली आणि आतली लांबली. जबडपायांत दोन्ही टिकल्या. मुख्य जबड्यात बुंधाच घट्ट होऊन त्याला दात आले. पहिल्या मिशीच्या बुडाशी तर तोल सांभाळणारी पोकळी तयार झाली आहे. तिच्यात वाळूचे कण असतात, कात टाकताना ते निघून जातात आणि कोळंबीला नवे भरून घ्यावे लागतात. १८९३ मध्ये व्हिएन्नातल्या आलोइस क्राइडल यांनी कात टाकणाऱ्या कोळंब्यांना वाळूऐवजी लोखंडाचा बारीक कीस पुरवला. तो त्यांनी निमूट पोकळीत भरून घेतला. मग वर लोहचुंबक धरताच त्या उताण्या झाल्या, कारण त्यांच्या लेखी जमीन आता वर होती.

१९ जोड्या म्हणजे १९ खंड. डोक्याचे ५, छातीचे ८, पोटाचे ६. डोकं आणि छाती एकाच कवचाखाली झाकली गेल्यामुळे तिथले सांधे वरून दिसत नाहीत. पोटाची सहा कडी तेवढी दिसतात. कोळीवाड्यात मासळी निवडणाऱ्या बाईला हे आकडे कुणी शिकवलेले नसतात, पण खंडांमधला फरक तिच्या हातांना माहीत असतो. गोड्या पाण्यातल्या कोळंबीत पोटाच्या दुसऱ्या कड्याची बाजूची पट्टी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कड्यांवर चढलेली असते. समुद्रातल्या नेहमीच्या कोळंबीत ती फक्त मागच्यावर चढते आणि स्वतः पुढच्याखाली जाते. नांगीसारखे चिमटे गोड्या पाण्यातलीच्या पहिल्या दोन पायांना असतात, समुद्रातलीच्या पहिल्या तीन पायांना. जवळा आणखी पुढे गेला आहे. त्याच्यात चालण्याच्या शेवटच्या दोन जोड्या नसतातच. खंड आहेत, त्यांचे पाय नाहीत. खेकडा उलटा केला की पोटाखाली घट्ट दुमडलेली झाकणी दिसते, नराची निमुळती आणि मादीची रुंद. कोळंबीचं जे मांसल पोट आपण आवडीने खातो, तेच खेकड्यात आक्रसून ही झाकणी झालं आहे. मादी तिच्याखाली अंडी सांभाळते.

एकच नग पुन्हा पुन्हा घडवायचा आणि मग त्यातल्या काहींना वेगळ्या कामाला लावायचं, ही रीत निसर्गात फार जुनी आणि फार यशस्वी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : खंडांची खरी किंमत त्यांच्या सारखेपणात आहे, कारण सारखे नग पुष्कळ असले तरच त्यातला एखादा बदलायला मोकळा राहतो. गोमेचा एखादा पाय मोडला तरी ती लंगडत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. उत्क्रांतीच्या अंगाने पाहिलं तर या म्हणण्यात मोठं तथ्य आहे. ज्याच्याकडे एकच पायाची जोडी आहे, त्याला ती बदलून पाहण्याची चैन परवडत नाही. ज्याच्याकडे वीस आहेत, त्याची एक जोडी जबडा झाली, एक विषारी नांगी झाली, एक पार नाहीशी झाली, तरी चालणं थांबत नाही. हे पुस्तक त्या मोकळीकीचा इतिहास आहे.

आधी हद्द आखून घेऊ. अंगावर वळ्या दिसल्या म्हणजे खंड झाले असं नाही. जळवेच्या अंगावर बाहेरून शंभराच्या आसपास वलयं मोजता येतात, पण आत चेतारज्जूच्या गाठी आणि उत्सर्जनाच्या नळ्या पाहिल्या की कळतं की शरीराच्या मधल्या भागात पाच-पाच वलयांचा मिळून एकच खंड आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या जळवेचे खंड ३३ आणि ते जन्मभर ३३च. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे एखाद्या आकड्याचा फरक पडतो एवढंच. पट्टकृमीची गोष्ट वेगळी. त्याच्या फितीला शेकडो तुकडे असतात, पण नवा तुकडा डोक्याच्या लगेच मागे तयार होतो आणि जुने मागे ढकलले जातात. गांडुळात आणि कोळंबीत नवा खंड शेपटीच्या टोकाअलीकडे येतो. शिवाय पट्टकृमीचा तुकडा म्हणजे मुख्यतः अंडी पिकवण्याचा संच, तो भरला की गळून पडतो. म्हणून या पुस्तकात त्याला जागा दिलेली नाही. खऱ्या खंडात स्नायू, चेता, रक्तवाहिन्या, उत्सर्जनाची सोय आणि बाहेरचं आवरण यांपैकी बरंच काही एकाच तालात पुन्हा पुन्हा येतं. असे प्राणी तीन मोठ्या घराण्यांत आहेत : गांडूळ-जळवांचा वलयी संघ, कोळंबी-कीटक-गोम यांचा संधिपाद संघ आणि कणा असलेले आपण सगळे. आपल्या फासळ्या, मणके आणि मणक्यांमधून जोडीजोडीने बाहेर पडणाऱ्या चेता हे खंडच आहेत.

महाविद्यालयात ज्यांनी प्राणिशास्त्र घेतलं होतं, त्यांना गांडूळ म्हटलं की आकडे आठवतील. १४ ते १६ या खंडांवर जाड पट्टा, १४व्यावर मादीचं छिद्र, १८व्यावर नराची छिद्रं, शुक्रकोशांची चार जोड छिद्रं ५ आणि ९ या खंडांमधल्या खाचांत, हृदयं ७, ९, १२ आणि १३व्या खंडात. हे पाठ करून परीक्षेत लिहिलं जातं आणि महिन्याभरात विसरलं जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण हे आकडे पाठांतरासाठी नाहीत, हा त्या प्राण्याच्या शरीराचा नकाशा आहे. गांडुळाला ना हाड, ना कवच. तरी एकाच जातीच्या कोणत्याही दोन गांडुळांत तोच अवयव त्याच क्रमांकाच्या खंडात सापडतो, याचा अर्थ गर्भात वाढणाऱ्या पेशींना आपण कितव्या खंडात आहोत हे कुठून तरी कळतं. कुठून, हा विसाव्या शतकातल्या जीवशास्त्रातला एक मोठा प्रश्न होता.

हा नकाशा आपल्या हाती आला तो लखनौ विद्यापीठाच्या कर्म नारायण बहल यांच्यामुळे. त्यापूर्वी भारतातले विद्यार्थी युरोपातल्या गांडुळाची चित्रं पाहून इथलं गांडूळ फाडत. बहल यांनी भारतीय प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथमाला सुरू केली आणि तिचा पहिला ग्रंथ, 'फेरेटिमा', १९२६ मध्ये स्वतः लिहिला. आपल्याकडच्या या गांडुळात दर खंडाला राठ केसांचं पूर्ण कडं असतं; युरोपातल्या परिचित गांडुळात खंडाला आठच केस. केस मागे झुकलेले असल्यामुळे ओल्या गांडुळावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं की खरखर जाणवते. १९१९ मध्येच बहल यांनी दाखवलं होतं की या गांडुळाच्या उत्सर्जन नळ्यांपैकी १५व्या खंडापासून मागे, आतल्या पडद्यांना चिकटलेल्या नळ्या अंगाबाहेर न उघडता आतड्यात उघडतात. पाणी वाया जाऊ नये यासाठी ही सोय असावी, असं त्यांचं प्रतिपादन होतं. त्याच मालेत १९३७ मध्ये नदीतल्या कोळंबीवरचा ग्रंथ आला. तो लिहिला नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातल्या एस. एस. पटवर्धन यांनी. भारतातल्या कितीतरी पिढ्यांनी कोळंबीच्या १९ जोड्या काळ्या कागदावर डकवल्या, त्या या ग्रंथाच्या आधाराने. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असायला हवं.

गांडुळाला खंडांचा उपयोग काय? याचं सर्वांत चांगलं उत्तर ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. बी. क्लार्क यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. पाण्याने भरलेला लांब फुगा एका टोकाला दाबला की तो दुसरीकडे कुठेही फुगतो. पडदे नसलेल्या कृमीचं असंच होतं, एका जागचा दाब सगळ्या अंगभर पसरतो. गांडुळात मात्र खंडांमधल्या पडद्यांनी आतलं पाणी कप्प्यांत अडवलेलं असतं. त्यामुळे पुढचे दहा-बारा खंड आवळून लांब झाले तरी मागचे जाडच राहू शकतात. लांब झालेला भाग मातीत घुसतो, जाड झालेला भाग केसांनी बिळाला धरून ठेवतो, आणि ही लाट डोक्याकडून शेपटीकडे सरकत जाते. पहिल्या पावसानंतर अंगणात निघालेलं गांडूळ फरशीवर ठेवून एक मिनिट पाहिलं तर ही लाट डोळ्यांनी मोजता येते. हाड नसताना माती फोडण्याचं बळ त्याला या कप्प्यांतून मिळतं. जळवेने हेच पडदे जवळजवळ टाकून दिले आणि अंग भरीव केलं. ती बीळ खणत नाही, दोन टोकांच्या चूषकांवर पावलं टाकत चालते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात पायावर चढलेली जळू पाहताना एवढं लक्षात घेतलं तरी तिच्या रागाबरोबर थोडं कौतुकही वाटेल.

या तीन घराण्यांचं एकमेकांशी नातं काय, यावर दोनशे वर्षं वाद झाला आहे. फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी १८१७ मध्ये वलयी आणि संधिपाद प्राण्यांना एकाच मोठ्या गटात घातलं, कारण दोघांच्याही अंगाला सांधे आहेत. दिसायला ते अगदी पटण्यासारखं होतं. त्यांचेच सहकारी एत्येन जॉफ्रॉ सेंट-हिलेर यांनी आणखी धाडसाने म्हटलं की शेवंड उलटी केली की तिची रचना कणा असलेल्या प्राण्याशी जुळते : तिचा चेतारज्जू पोटाकडे, आपला पाठीकडे. १८३० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत या दोघांची जाहीर जुंपली आणि त्या काळच्या मताप्रमाणे क्युव्हिए जिंकले. गंमत अशी, की पोट-पाठीची ही अदलाबदल विसाव्या शतकाच्या अखेरीला जनुकांच्या अभ्यासाने खरी ठरवली. क्युव्हिएंचा सांध्यांचा गट मात्र मोडला. १९९७ मध्ये अनेक प्राण्यांचा जनुकीय मजकूर ताडून पाहिल्यावर असं दिसलं की कोळंबी आणि कीटक यांचे जवळचे नातलग गांडुळं नसून कात टाकणारे सूत्रकृमी आहेत, ज्यांच्या अंगाला एकही खंड नाही. गांडुळं जाऊन बसली गोगलगायी आणि शिंपल्यांच्या शेजारी, ज्यांनाही खंड नाहीत.

म्हणजे आता दोनच शक्यता उरल्या. एक तर खंड तीन वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे उपजले, किंवा सगळ्यांच्या समान पूर्वजाला ते होते आणि बहुतेक वंशजांनी ते गमावले. दुसरी कल्पना ऐकायला मोठी भारदस्त आहे आणि तिला मोठ्या अभ्यासकांचा पाठिंबाही आहे. माझा कौल पहिल्या बाजूला आहे, पण एका पुस्तीसह. पूर्ण, आखीव खंड तीनदा घडले असावेत. त्यांच्या घडणीला लागणारी हत्यारं मात्र समान पूर्वजाकडून आली असावीत. शेपटीकडून वाढत जाण्याची सवय, चेता आणि स्नायू ओळीने मांडण्याची सवय, पेशींनी पेशींशी बोलण्याचे काही ठरलेले मार्ग, एवढी शिदोरी त्याच्याकडे असणं पुरेसं आहे. खंड गमावणं अशक्य नाही याचे पुरावे आपल्यासमोर आहेतच. समुद्राच्या चिखलात राहणारे चमचाकृमी प्रौढपणी एकसंध पिशवीसारखे असतात, पण ते आता वलयी संघातलेच ठरले आहेत आणि त्यांच्या लहानपणी चेतांच्या गाठी ओळीने मांडलेल्या दिसतात. खेकड्याच्या अंगात मुळं पसरून राहणाऱ्या सॅक्युलिना या परजीवीला तर पाय, खंड, तोंड काहीच उरलेलं नाही. तो कवचधारी प्राण्यांपैकी आहे हे फक्त त्याच्या पिल्लावरून ओळखू येतं, कारण पाण्यात पोहणारं ते पिल्लू इतर कवचधाऱ्यांच्या पिल्लांसारखंच तीन जोड अवयवांचं असतं.

खंड घडतात कसे, यावरची प्रकरणं लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. १९७० च्या दशकाच्या अखेरीला जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे दोघे, दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून, फळमाशीच्या हजारो बिघडलेल्या अळ्या तपासत बसले. अळीच्या पोटावर दर खंडाला बारीक काट्यांचा एक पट्टा असतो. काही अळ्यांत सलग पट्ट्यांचा मोठा भागच गायब होता. काहींत एकाआड एक खंडांची गळती होती. काहींत पट्ट्यांची संख्या बरोबर, पण प्रत्येक खंडाचा अर्धा भाग उलटा फिरलेला. बिघाड या तीन प्रकारांत बसतात, म्हणजे खंड घडवण्याचं काम तीन टप्प्यांत चालतं : आधी मोठे प्रदेश, मग जोडीजोडीचे पट्टे, मग प्रत्येक खंडाची पुढची-मागची बाजू. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि १९९५ मध्ये दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. या शोधातल्या एका जनुकाचं नाव हेजहॉग. त्याचा भाऊबंद माणसात हातापायांची बोटं आणि मेंदूची वाढ सांभाळतो, आणि त्याच्या मार्गातला बिघाड त्वचेच्या एका कर्करोगाला कारण होतो. आज त्या मार्गावर काम करणारी औषधं उपलब्ध आहेत.

फळमाशीने मात्र अभ्यासकांची थोडी दिशाभूलही केली. तिच्या गर्भात सगळे खंड जवळजवळ एकाच वेळी आखले जातात. ही घाईची रीत कीटकांतल्या काही घराण्यांपुरती आहे. गांडूळ, कोळंबी, गोम, टोळ आणि आपण यांच्यात खंड शेपटीकडे एकामागून एक भरत जातात. जळवेच्या गर्भात मोठ्या पेशींच्या पाच जोड्या असतात, त्या ठरावीक क्रमाने लहान पेशींच्या माळा सोडत जातात आणि त्या माळांतून खंड होतात. चार्ल्स व्हिटमन यांनी हे १८७८ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून ठेवलं होतं. कोंबडीच्या गर्भात पाठीचे खंड दर ९० मिनिटांनी एक जोडी या गतीने सुटतात. वाढणाऱ्या पेशींत एक रासायनिक घड्याळ टिकटिकत असतं आणि त्याच्या दर फेऱ्याला एक खंड कापला जातो, अशी कल्पना कुक आणि झीमन यांनी १९७६ मध्ये मांडली होती. १९९७ मध्ये ऑलिव्हिए पूर्किए यांच्या गटाने ते घड्याळ कोंबडीत प्रत्यक्ष पकडलं. सापाच्या अंगात तीनशेहून अधिक खंड कसे मावतात, याचं उत्तर त्याच घड्याळात सापडलं : वाढीच्या मानाने सापाचं घड्याळ जास्त वेगाने चालतं. २०१२ मध्ये पिठात सापडणाऱ्या लाल भुंगेऱ्यातही असं घड्याळ मिळालं. त्यात एक विशेष आहे. त्याच्या एका फेऱ्यात एक नव्हे, दोन खंड होतात.

ही दोनाची गोष्ट गोमेकडे नेते. गोम आणि घोण यांच्या जगात १५ जोड पायांपासून १९१ जोड पायांपर्यंतचे प्राणी आहेत. हजारो जाती आहेत. पण प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम भरतात. आपल्याकडच्या मोठ्या घोणीच्या २१ किंवा २३. जमिनीत राहणाऱ्या लांब गोमांत एकाच जातीच्या दोन माद्यांत ४७ आणि ४९ असा फरक सापडेल, ४८ सापडणार नाही. नैसर्गिक निवडीला ४८ वर राग असण्याचं कारण नाही. ४८ पायांची गोम चालायला कुठे कमी पडली असती? कारण घडणीतच असणार. २००४ मध्ये किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांत राहणाऱ्या एका युरोपीय गोमेच्या गर्भात दिसलं की खंडांची आखणी आधी दोन-दोनांच्या मापाने होते आणि नंतर प्रत्येक मापाचे दोन भाग पडतात. उत्क्रांतीला काय हवं याबरोबरच शरीराला काय घडवता येतं, हाही प्रश्न विचारावा लागतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. घोणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ती चावते असं आपण म्हणतो, पण ज्या नांगीने ती विष सोडते ते तिचे पहिले पाय आहेत. वरच्या मोजणीत ते धरत नाहीत. पैसा किंवा वाणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किड्याचे खंड दोन-दोन जुळून एक झालेले असतात, म्हणून त्याच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन जोड्या. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात जमिनीखाली ६० मीटरवर सापडलेल्या एका जातीत ३३० खंड आणि १,३०६ पाय मोजले गेले. सहस्रपाद या नावाला प्रथमच खरा उतरलेला हा प्राणी जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा आहे.

खंड कितवा हे पेशीला कळतं कसं, या प्रश्नाचं उत्तरही खंडांच्या घोटाळ्यातूनच आलं. १८९४ मध्ये विल्यम बेटसन यांनी एका खंडाचा अवयव दुसऱ्या खंडावर उगवल्याची शेकडो उदाहरणं गोळा केली होती : मिशीच्या जागी पाय, डोळ्याच्या देठाच्या जागी मिशी. त्या वेळी ही विचित्रांची जंत्री वाटली असेल. लुईस यांनी फळमाशीत तसेच घोटाळे जनुकांपर्यंत नेले आणि चार पंखांची माशी तयार करून दाखवली. छातीच्या तिसऱ्या खंडाला आपण तिसरे आहोत हे सांगणारा आदेशच बंद पडला आणि तो दुसऱ्यासारखा वागला. याच आदेश देणाऱ्या जनुकांनी कवचधाऱ्यांच्या जबडपायांचं कोडं सोडवलं. मायकेल अव्हेरॉफ आणि निपम पटेल यांनी १९९७ मध्ये दाखवलं की अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक छातीच्या ज्या खंडापासून पुढे गप्प असतं, तिथले पाय जबडपाय झालेले असतात. कुठे एक जोडी, कुठे दोन, कुठे तीन, आणि दर वेळी जनुकाची सीमा त्याप्रमाणे मागे सरकलेली. तेवढ्यावर कुणी म्हटलं असतं की हा योगायोग. पण पुढे पारहायले नावाच्या उड्या मारणाऱ्या कवचधाऱ्यात ते जनुक मंदावलं, तेव्हा चालण्याच्या पायांचे जबडपाय झाले. जिथे ते नसतं तिथे चालू केलं, तेव्हा जबडपायाचा पाय झाला. कागदावर मांडलेल्या कोळंबीच्या जोड्यांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जे नातं दिसतं, त्याचं कारण इथे हाताला लागतं.

मराठीत या विषयावर लिहिताना मी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांपेक्षा आपल्या अंगणातल्या, बाजारातल्या आणि खाडीतल्या प्राण्यांना जास्त पानं दिली आहेत. फळमाशीवर जगभर लिहिलं गेलं आहे. जवळ्याचे गळालेले पाय, खडकांना चिकटून पोटाचे खंड हरवून बसलेले बार्नॅकल, सह्याद्रीतली स्थानिक गांडुळं यांच्याकडे बारकाईने पाहणारी माणसं फार थोडी आहेत, आणि ती वाढावीत हा या पुस्तकाचा हेतू आहे. अरुणाचलच्या सियांग खोऱ्यात १९११-१२ च्या मोहिमेत सापडलेला, मखमली अंगाचा आणि बोथट पायांचा एक प्राणी शतकाहून अधिक काळ कुणालाच दिसला नव्हता. तो अलीकडे पुन्हा सापडला, तो दगडाखाली चिकाटीने शोधणाऱ्या माणसांना. महाराष्ट्रात असे किती दगड अजून उलटले गेलेले नाहीत, याचा विचार तरुण वाचकांनी करावा.

गोमांवरचं प्रकरण वाचून झालं की एक काम करा. पावसाळ्यात कुंडीखाली किंवा कुजक्या पाल्यात मेलेली गोम सापडली, तर ती भिंगाखाली ठेवून टाचणीच्या टोकाने पायांच्या जोड्या मोजा. विषाची नांगी मोजू नका. जिवंत घोणीला हात लावू नका. संख्या सम भरली तर पुन्हा मोजा, तुटलेल्या पायांच्या खुणाही धरा. तरीही ती सम भरली, तर गोम अल्कोहोलच्या बाटलीत घाला, चिठ्ठीवर गाव आणि तारीख लिहा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्या.